इंटरनेट बंदीचा आदेश सामान्य माणसाला कुठे बघायला मिळतो?

रंकाळ्याकाठी

नमस्कार मंडळी. माझी कोल्हापुरात छोटी खानावळ आहे, आणि वसतिगृहातल्या चाळीसेक मुलांना डबे देते. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून इथं तणाव झाला, शहर बंद होतं, दगडफेक आणि लाठीमार झाला आणि मोबाईलचं इंटरनेट बंद केलं गेलं. परवा उधारीची जुनी वही चाळताना ती पानं समोर आली आणि तेव्हापासून मनात असलेला प्रश्न इथं विचारायचं ठरवलं.

बंदच्या दिवशी खानावळ बंदच होती, पण पोरांचे डबे थांबवता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धं शटर उघडलं. एक ट्रकवाला जेवला, विदर्भातला. खिशात रोख नाही, क्यूआर चालेना. बिचारा वरमला. "लायसन ठेवून जातो, मावशी," म्हणाला. मी घेतलं नाही. कागदावर नंबर लिहून दिला आणि वहीत मांडलं, 'ट्रकवाले दादा, १२०'. चौथ्या दिवशी माझा स्पीकर बोलला, एकशे वीस रुपये प्राप्त झाले. त्या पानावर मी अजून रेघ मारलेली नाही, तसंच ठेवलंय.

पण सगळ्यांचं असं निभावलं नाही. डब्यातल्या एका मुलाच्या फॉर्मची मुदत संपत होती. तो मोटारसायकल काढून शेजारच्या जिल्ह्यात गेला, नेट मिळेपर्यंत. त्या दिवसांत ज्या रस्त्यानं जाऊ नको म्हणत होतो, त्याच रस्त्यानं. संध्याकाळी परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

नंतर एका कार्यालयात कामाला गेले होते तिथं सहज विचारलं, बंदीचा आदेश बघायला मिळेल का. "वरून आलेला असतो, प्रत देता येत नाही," एवढंच उत्तर. माझे प्रश्न दोन. पहिला, असा आदेश कोण काढतं, आणि तो आपल्याला बघायला मिळायला हवा की नको? दुसरा, बंद करून अफवा खरंच थांबतात का, हे तुमच्या अनुभवावरून सांगा.

चहाटपरी

ताई, ट्रकवाले दादा वाचत असतील तर त्यांना माझ्याकडून एक कटिंग. धागा लक्ष ठेवून वाचणार.

साक्रीकर

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण तो आमच्या तालुक्यानं फार महागात शिकलाय. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय असे व्हिडिओ महिनाभर फोनवर फिरत होते. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले.

मी त्या गावचा नाही, पण त्या बाजाराला लहानपणापासून गेलोय. पुढचे कित्येक महिने तिथं परका माणूस दिसला की बायका पोरांना घरात घ्यायच्या आणि गडी मान खाली घालायचे. कुणी मला सांगितलं असतं की आदल्या रात्री नेट बंद करून ते पाच जीव वाचणार आहेत, तर मी स्वतः टॉवरची वायर कापली असती. ताईंचे एकशे वीस रुपये आले, चांगलं झालं. पण तराजूत दुसऱ्या बाजूला काय असतं तेही बघा.

रंकाळ्याकाठी

साक्रीकर दादा, तुमचं वाचून हातातलं काम थांबलं. तराजू मलाही मान्य आहे. तो कुणी धरला आणि वजनं कोणती टाकली, एवढंच मला बघायचं आहे.

गावठी गणित

साक्रीकरांच्या दुःखात सहभागी आहे. पण तो व्हिडिओ महिनाभर फिरत होता, हे त्यांनीच लिहिलंय. मग बंद कधी करणार होतात? महिनाभर? त्या घटनेनंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. अफवेचा वेग तेवढा कमी झाला आणि कुणाचा फॉर्म अडला नाही. असे उपाय आधी का सुचत नाहीत?

आणि अफवेला नेट लागतंच असं नाही. २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो म्हणून सकाळपासून रांगा. आमच्या आजीनं वाटी घेऊन मला पण ओढत नेलं होतं. देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू होऊन तेव्हा महिना-सव्वा महिना झाला होता, आमच्या अख्ख्या गावात दोन फोन होते. तरी दुपारपर्यंत दूध संपलं.

चहाटपरी

आमच्याकडे त्या दिवशी चहा काळाच मिळाला होता. वडील अजून सांगतात.

निवृत्त फौजदार

तेहतीस वर्षं खात्यात काढली, शेवटची दहा बंदोबस्तात. दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

रात्री दीडला एक फोटो फिरायला लागतो. साडेतीनपर्यंत पंधरा ग्रुपमध्ये जातो. पहाटे पाचला चौकात शंभर पोरं, सातला हजार. माझ्याकडे माणसं किती, तर चाळीस, आणि राखीव तुकडी यायला चार तास. ते चार तास मिळवण्यासाठी नेट बंद करावं लागतं. अफवा त्यानं मरत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. जमाव जमायचा वेग कमी होतो, एवढंच. 'अमुक चौकात या' हा निरोप पोचत नाही, दगड फेकतानाचं थेट प्रक्षेपण दुसऱ्या गावात दिसत नाही. मी हे डोळ्यानं पाहिलंय.

आता दुसरंही प्रामाणिकपणे लिहितो. बंद झाल्यावर आमचाही निरोप पोचत नाही. एकदा एक मुलगा दवाखान्यात जिवंत होता आणि गावभर तो मेल्याची बातमी. त्याच्या आईचा वीस सेकंदांचा व्हिडिओ आम्ही काढला, "माझा पोरगा बरा आहे, घरी जा." पाठवणार कुठं? नेट बंद. शेवटी जीपवर भोंगा लावून गल्लीगल्लीतून ओरडत फिरलो. चार तासांसाठी मागितलेली बंदी पुढं तीन दिवस चालली. ती उठवायची कुणी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उठवल्यावर काही झालं तर नाव आपलं येणार, म्हणून सही करायला कुणी पुढं येत नाही.

वाड्यातली माई

फौजदार साहेब, तुमचे तीन दिवस वाचले आणि मला आमचा पोरगा आठवला. आमचा म्हणजे भाडेकरू. पुण्यात आमच्या वाड्यात वरच्या खोलीत काश्मीरमधल्या बारामुल्लाचा एक मुलगा राहायचा, अभियांत्रिकीला होता. ऑगस्ट २०१९. चार तारखेच्या रात्री तो आईशी बोलला, "उद्या बोलतो" म्हणाला. सकाळी फोन लागेना. नेट नाही, मोबाईल नाही, घरचा साधा फोनही नाही. पहिले दोन दिवस तो नंबर फिरवत राहिला. नंतर त्यानं फोन उशाखाली ठेवून दिला आणि नुसता बसून राहायला लागला.

१२ तारखेला ईद होती. मी शिरखुर्मा करायला गेले, मला काय येतोय, शेवयांची खीरच झाली ती. तो म्हणाला, "मौसी, ये तो छोटी ईद का होता है." मग आम्ही दोघंही हसलो आणि तो रडायला लागला. आईशी न बोलता काढलेली त्याची पहिली ईद.

तिकडे पोस्टपेड मोबाईल सुरू झाले १४ ऑक्टोबरला. पहिला फोन आला तेव्हा तो आंघोळीला गेला होता. मीच उचलला. पलीकडे त्याची आई. तिला हिंदी कमी, मला काश्मिरी शून्य. मी नुसतं "अच्छा है, अच्छा है, खाना खाता है" म्हणत राहिले. २जी नेट आलं २०२० च्या जानेवारीत, तेही यादीतल्या ठरावीक संकेतस्थळांपुरतं. ४जी यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या टाळेबंदीत तो घरी होता. कॉलेजचे तास ऑनलाइन, आणि त्याच्याकडे २जी. मित्र मला व्याख्यानं लिहून पाठवायचे आणि मी फोनवरून त्याला वाचून दाखवायची. थर्मोडायनॅमिक्स! शब्द सुद्धा नीट येईना. पास झाला हो तो.

सुरक्षेचं काय ते मोठ्या माणसांना कळतं. पण दीड वर्ष? फौजदार साहेबांचे चार तास मी समजू शकते. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही.

कोडोबा

माई, तुम्हाला नमस्कार. थर्मो आम्हाला वर्गात बसून कळलं नव्हतं.

सनद २००४

ताईंच्या पहिल्या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही. वकिली करतो, म्हणून जरा सविस्तर.

२०१७ पर्यंत जिल्हाधिकारी कलम १४४ खाली नेट बंद करायचे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नियम आणले. ते १८८५ च्या तार कायद्याखालचे. (आपली तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, शेवटच्या दिवशी मी स्वतः रांगेत उभा राहून बायकोला एक पाठवली होती.) त्या नियमांप्रमाणे राज्यात हा आदेश फक्त गृह विभागाचा सचिव काढू शकतो. अगदीच अडलं तर त्यानं नेमलेला सहसचिव दर्जाचा अधिकारी, आणि त्यालाही २४ तासांत सचिवाची मंजुरी लागते. आदेशात कारणं लिहावी लागतात. कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्विलोकन समितीनं तो तपासायचा. २०२० मध्ये एका आदेशाला १५ दिवसांची कमाल मर्यादा घातली.

माईंनी लिहिलेल्या काश्मीरच्या बंदीवरच सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती रमणा, सुभाष रेड्डी आणि गवई यांचं पीठ. इंटरनेटवरून बोलणं आणि इंटरनेटवरून धंदा करणं, दोन्हीला कलम १९ चं संरक्षण आहे. बेमुदत बंदी चालणार नाही. आणि ताई, हे तुमच्यासाठी: बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, म्हणजे ज्याला त्रास झाला त्याला न्यायालयात जाता येईल. त्या निकालानं तिथली बंदी उठली नाही, याची मला आजही खंत आहे. पण प्रत मागण्याचा तुमचा हक्क त्यातून पक्का झाला.

२०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याखाली नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले. त्यातही आदेश कारणांसह प्रसिद्ध करायचा, कुठला भाग आणि किती मुदत तेही लिहायचं, असं आहे. तेव्हा 'प्रत देता येत नाही' हे उत्तर चूक होतं.

रंकाळ्याकाठी

वकील साहेब, मनापासून आभार. म्हणजे मी वेड्यासारखं काही मागितलं नव्हतं.

शेनझेनहून

सात वर्षं चीनमध्ये आहे, मूळ नगरचा. इथं बंद-चालू असा प्रकार नाही, इथलं इंटरनेट मुळातच वेगळं आहे. फेसबुक आणि ट्विटर २००९ पासून नाहीत, गूगल २०१० मध्ये हाँगकाँगला गेलं, व्हॉट्सॲप २०१७ पासून बंद. घरी बोलायचं तर आईच्या फोनवर वीचॅट टाकून दिलंय.

सर्वात जास्त बोचतं ते शब्दांचं. ४ जून १९८९ ला तिआनानमेनमध्ये जे झालं त्याची तारीख इथं लिहिता येत नाही, म्हणून लोक '३५ मे' लिहायला लागले. मग तेही पुसायला लागले. इथल्या एका सहकाऱ्याला, वय पंचवीस, मी त्याबद्दल सहज विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तो घाबरून गप्प बसला असता तर मला एवढं वाईट वाटलं नसतं.

आपल्याकडे बंदी आली की निदान कळतं तरी. इथं काय नाहीय, तेच कळत नाही.

दुबईतला सांगलीकर

आमच्याकडे व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. परवाना असलेल्या ठरावीक ॲपवरूनच बोलायचं. कुणी नवा आला की पहिल्या आठवड्यात व्हीपीएनचं, म्हणजे बंदीला वळसा घालणाऱ्या ॲपचं, विचारतो. त्याला आम्ही सांगतो, जपून. व्हीपीएन वापरून गुन्हा केला तर इथं दंड ५ लाख दिरहॅमपासून २० लाखांपर्यंत आहे. आमच्या कामगार छावणीत गवंडी, सुतार, फिटर. त्यांना पाच मिनिटं लेकराचं तोंड बघायचं असतं. सण आला की एकाच्या फोनवर चालणारं ॲप, आणि त्याच्या खाटेपाशी दहा जणांची रांग.

कोडोबा

माझा अनुभव दुसऱ्या जातीच्या बंदीचा, संकेतस्थळं अडवण्याचा. डिसेंबर २०१४ ची अखेर, पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. ३१ तारखेला सगळ्यांना लवकर निघायचं होतं आणि गिटहब, म्हणजे आम्ही प्रोग्रामर कोड ठेवतो ते संकेतस्थळ, उघडेना. आधी वाटलं आपलंच नेट गेलं. राउटर तीनदा बंद-चालू केला. मग दुसऱ्या कंपनीतल्या मित्राचा फोन, त्याचंही तेच. नंतर कळलं, दहशतवादी मजकुराच्या तपासातून ३२ संकेतस्थळं अडवली होती. त्यात गिटहब, व्हिमिओ, पेस्टबिन, इंटरनेट अर्काइव्ह. एका पानासाठी अख्खं वाचनालय कुलूपबंद. काही दिवसांत बरीचशी उघडली, पण आम्ही रात्री नऊपर्यंत फोनच्या नेटवर अडकून बसलो.

हे अडवतात कसं ते सांगतो. तुम्ही नाव टाइप केलं की आधी त्याचा पत्ता शोधला जातो. कंपनीनं तिथंच खोटा पत्ता दिला की झालं. दुसरी पद्धत, पाकीट बंद असलं तरी वरचं नाव वाचता येतं, ते वाचून पाकीटच पुढं जाऊ द्यायचं नाही. दोन्हीत तुमच्या पडद्यावर नुसतं 'पान सापडत नाही' येतं. सरकारनं अडवलं, की कंपनीची चूक, की माझी वायर सुटली, मला कळायचं कसं?

सनद २००४

कोडोबा, त्याचं कारण कायद्यात आहे. तुमचा प्रकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ मध्ये येतो. त्याच्या २००९ च्या नियमांत सोळावा नियम म्हणतो, तक्रार आणि त्यावरची कारवाई गुप्त ठेवायची. २०१५ मध्ये श्रेया सिंघल निकालात ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्याला गुन्हा ठरवणारं कलम, रद्द झालं पण ६९अ टिकलं. टिकलं ते याच भरवशावर, की कारणं लेखी असतील, म्हणणं मांडायची संधी मिळेल. प्रत्यक्षात ज्याचं संकेतस्थळ अडवलं त्यालाच आदेश मिळत नाही. हुंड्याची खिल्ली उडवणारं एक 'हुंडा कॅल्क्युलेटर' होतं, ते अडवलं. त्याच्या कर्त्याला आदेशाची प्रत आणि सुनावणी मिळवायला दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. तिथून २०२२ मध्ये त्याला ते मिळालं.

समुद्राकडचा

६६अ चं नाव निघालं म्हणून. मी पालघरचा. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब गेले त्यानंतरचा बंद. एका मुलीनं फेसबुकवर बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, दुसरीनं लाइक केलं, दोघींना अटक. आमच्या घरी त्या रात्री वडिलांनी बहिणीचं खातं बंद करायला लावलं. ती तेव्हा अकरावीला होती आणि तिनं काहीही लिहिलेलं नव्हतं. आजही ती कुठं काही लिहीत नाही, फक्त स्वयंपाकाचे फोटो. कलम २४ मार्च २०१५ ला रद्द झालं. तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की हे थांबवा.

राजकारण नको

हे सगळं कोण करतंय ते सगळ्यांना माहीत आहे, नाव घ्यायला एवढे का घाबरता? ते सगळे

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादातला काही भाग काढला आहे. कारण: एका समाजाबद्दल अपशब्द (धोरणातला नियम ४). सदस्याला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी. धागा चांगला चालला आहे, तसाच चालू द्यावा.

गावठी गणित

संपादकांचा वरचा प्रतिसाद परत एकदा वाचा मंडळी. काय काढलं, कुठल्या नियमानं, कुणी काढलं, दाद कुठं मागायची, सगळं चार ओळींत. एवढंच तर ताई मागतायत.

आणि नाव घेण्याबद्दल: बंदी एका पक्षाची नाही. राजस्थानात सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षक भरतीच्या परीक्षेला पेपर फुटू नये म्हणून नेट बंद केलं होतं. आसामात २०२२ मध्ये तेच. सरकारं वेगळी, बटण एकच. परीक्षेसाठी नेट बंद करणं मला कुठल्याच हिशोबात बसवता येत नाही.

साक्रीकर

परीक्षेसाठी बंदी, याला माझाही विरोध. मी जिवाच्या प्रश्नाबद्दल बोलत होतो. फौजदार साहेबांचं भोंग्याचं वाचून विचारात पडलो हे खरं. आमच्याकडेही नंतर पोलीस पाटील आणि शिक्षकांनी गावोगाव बैठका घेतल्या, तमाशावाल्यांनी फडावर त्याबद्दल सांगितलं. त्याचा उपयोग झाला. ते काम आधी झालं असतं तर, हा विचार येतो.

तरी त्या शेवटच्या चार तासांसाठी बटण असावं, या मतावर मी आहे.

वाड्यातली माई

असू द्या हो साक्रीकर. चार तासांना माझीही ना नाही.

निवृत्त फौजदार

बटण असावं आणि वेळ लिहिलेली असावी. किती वाजता चालू होणार ते आदेशातच हवं. मग उठवायला कुणाची सही लागणार नाही.

कोडोबा

बंदीनं उलटही होतं. नेपाळमध्ये ४ सप्टेंबर २०२५ ला २६ समाजमाध्यमं बंद केली, नोंदणी केली नाही म्हणून. ८ तारखेला काठमांडूत पोरं रस्त्यावर, काही शाळेच्या गणवेशात. भ्रष्टाचारावरचा राग आधीपासून होताच. त्या एका दिवसात १९ जण गेले. रात्री बंदी उठवली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. ते व्हिडिओ बघताना ती पोरं माझ्या पुतण्याच्या वयाची दिसत होती, त्या रात्री झोप लागली नाही.

शेनझेनहून

इजिप्तमध्येही २०११ च्या जानेवारीत अख्ख्या देशाचं नेट बंद केलं होतं. घरात बसून बघणारे काय चाललंय ते बघायला बाहेर पडले.

सरळ प्रश्न

वकील साहेब, खोट्या बातम्या ठरवायला सरकार स्वतःचं पथक नेमणार होतं, त्याचं काय झालं?

सनद २००४

ती लढाई आपल्या मुंबई उच्च न्यायालयात झाली. एप्रिल २०२३ ची नियमदुरुस्ती. सरकारच्या कामकाजाबद्दल खोटं काय ते सरकारचंच तथ्यतपासणी पथक ठरवणार. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतर न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तरतूद रद्द ठरवली, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी टिकवली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला ती घटनाबाह्य ठरवली. आरोपीनंच पंचनामा लिहायचा, याला तिथं आळा बसला, आणि आपल्याच न्यायालयात बसला याचं मला मोठं समाधान आहे.

रंकाळ्याकाठी

सगळ्यांचं वाचून झालं, रात्री डबे धुऊन झाल्यावर दोनदा वाचलं. मी आता माहिती अधिकारात अर्ज करायचा ठरवलाय. मसुदा असा: "जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इंटरनेट का बंद केले, त्याने अफवा थांबल्या का, आणि आदेश कोणी काढला, याची माहिती मिळावी." बरोबर आहे का?

सनद २००४

ताई, अर्ज कराच, पण शब्द बदला. माहिती अधिकारात 'का' विचारलं की 'खुलासा मागता येत नाही' म्हणून अर्ज परत येतो. कागद मागा. (१) या काळात जिल्ह्यात इंटरनेट बंद करण्याच्या सर्व आदेशांच्या प्रती. (२) पुनर्विलोकन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. (३) आदेश कुठे आणि कोणत्या तारखेला प्रसिद्ध केला त्याचा पुरावा. 'का' चं उत्तर पहिल्या कागदातच असतं, असायला हवं.

पत्ता जन माहिती अधिकारी, गृह विभाग, मंत्रालय. जोडपत्र 'अ', वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. उत्तराला ३० दिवस. सुरक्षेचं कारण देऊन नाकारलं तर भसीन निकालाचा दाखला देऊन पहिलं अपील, जोडपत्र 'ब', तेही ३० दिवसांत. ते मी लिहून देतो, पैसे नकोत.

आणखी एक. संसदेच्या स्थायी समितीनं डिसेंबर २०२१ च्या अहवालात नोंदवलंय, की किती वेळा नेट बंद केलं याची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवतो ना गृह मंत्रालय, आणि बंदीचा उपयोग होतो का याचा अभ्यासही झालेला नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरकारकडेही नाही. म्हणून तो वाक्यातून काढा, उगाच अर्ज अडायचा.

निवृत्त फौजदार

दुसरा मुद्दा काही झालं तरी सोडू नका. इतिवृत्तावरून कळेल समिती बसली होती की नाही.

रंकाळ्याकाठी

बदललं. तीन मुद्दे, तिन्ही कागदांचे. दुसरा तसाच ठेवलाय फौजदार साहेब. स्टँप आमच्या डब्यातल्याच एका मुलानं आणून दिला, तोच तो मोटारसायकलवाला. आता नोकरीला लागलाय पण डबा आमचाच. उद्या सकाळचे डबे पोचवले की रजिस्टर पोस्टानं पाठवते. पोच आली की इथं टाकेन.

चहाटपरी

नंबर झाकून टाका ताई. वाट बघतोय.